ट्रेकवर पाणी उकळायला कोणतं भांडं घ्यावं: आधी व्यास, मग उंची, धातू शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: दोन-तीन दिवसांच्या ट्रेकला एकट्याने जायचं आहे. तिथे स्वयंपाक करायचा नाही, फक्त पाणी उकळायचं आहे, म्हणजे पिण्यासाठी, चहा-कॉफीसाठी आणि सुकवलेल्या जेवणात ओतण्यासाठी. सॅकमध्ये कमीत कमी जागा घेणारं भांडं हवं आहे. टायटॅनियमच घ्यावं की ॲल्युमिनियम किंवा स्टील चालेल?

धातूचा निर्णय शेवटी घ्या. नुसतं पाणी उकळायचं असेल तर भांड्याचा व्यास सगळ्यांत आधी ठरवायचा असतो. व्यास आणि लागणारं पाणी ठरलं की उंची आपोआप ठरते. मग झाकण आणि मूठ बघायची आणि त्यानंतर जे दोन-तीन पर्याय उरतील त्यांच्यातून धातू निवडायचा. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आधी टायटॅनियम ठरतं, मग सगळ्यांत हलका मग शोधला जातो, आणि घरी आणल्यावर लक्षात येतं की गॅसचा कॅनिस्टर (बर्नरला जोडायचा छोटा डबा) त्यात बसत नाही, किंवा बसतो पण बर्नरची ज्योत बुडाबाहेर जाऊन मूठच तापवते.

सुरुवात पाण्याच्या हिशोबाने करू. सुकवलेल्या जेवणाच्या एका पाकिटाला साधारण ३०० ते ५०० मिली उकळतं पाणी लागतं आणि एका पेयाला २०० ते २५०. एकट्याला एका वेळी ६०० मिलीपेक्षा जास्त पाण्याची गरज क्वचितच पडते. पण भांड्यावर छापलेली क्षमता काठोकाठ भरल्यावरची असते. उकळी फुटली की पाणी उसळतं, म्हणून वर दीड ते दोन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावीच लागते. ९५ मिमी व्यासाच्या भांड्यात उंचीच्या प्रत्येक सेंटिमीटरला सुमारे ७१ मिली पाणी मावतं. म्हणजे ७५० मिलीच्या भांड्यात प्रत्यक्षात ६०० ते ६४० मिली उकळता येतं आणि ५५० मिलीच्या भांड्यात ४०० ते ४४०. ४५० मिलीचे मग बहुधा ८० मिमीच्या आसपास व्यासाचे असतात. त्यांत ३५० ते ३७५ मिलीवर थांबावं लागतं.

त्यामुळे एकट्यासाठी ७०० ते ७५० मिली हा माझ्या मते सर्वांत सोयीचा आकार आहे. ५५० आणि ७५० मिलीच्या भांड्यांत वजनाचा फरक वीस-तीस ग्रॅमचा असतो, आणि मोठं भांडं आत सामान भरलं तर सॅकमध्ये जास्तीची जागा जवळपास घेतच नाही. लहान भांड्यात मात्र जेवणाचं पाणी आणि पेयाचं पाणी वेगवेगळं उकळत बसावं लागतं. फक्त एक कप गरम पेय हवं असेल आणि जेवण थंडच खायचं ठरलं असेल, तरच ४५०-५५० मिलीचा विचार करा. दोघांसाठी १ ते १.३ लिटर घ्या.

आता व्यासाकडे येऊ, कारण खरी निवड इथेच होते. व्यासावरून तीन गोष्टी ठरतात: भांड्याच्या आत काय बसतं, ज्योतीतली किती उष्णता पाण्याला मिळते आणि भांडं बर्नरवर स्थिर उभं राहतं की नाही.

आत काय बसतं ते आधी पाहू. ट्रेकला वापरतात त्या स्क्रूच्या गॅस कॅनिस्टरमध्ये लहान आकार १०० ते ११० ग्रॅम गॅसचा असतो. त्याचा व्यास सुमारे ९० मिमी आणि उंची ७ सेंमीच्या जवळपास असते. मधला आकार २३० ग्रॅम गॅसचा असतो, त्याचा व्यास सुमारे ११० मिमी. ९५ मिमी व्यासाचं ७५० मिलीचं भांडं साधारण साडेदहा सेंमी उंच भरतं. त्यात लहान कॅनिस्टर बसतो आणि वर उरलेल्या तीन-साडेतीन सेंमीत घडीचा बर्नर, लायटर आणि फडक्याचा तुकडा जातो. हे आटोपशीरपणाचं खरं गणित. रिकाम्या भांड्याचा आकार महत्त्वाचा नाही, सगळा संच एका भांड्यात बसतो का ते महत्त्वाचं. त्याच व्यासाचं ५५० मिलीचं भांडं पावणेआठ सेंमी उंच असतं. त्यात कॅनिस्टर जातो, पण बर्नर बाहेर राहतो आणि सॅकमध्ये वेगळा सांभाळावा लागतो. तुम्ही २३० ग्रॅमचा कॅनिस्टर नेत असाल तर आतला व्यास किमान ११२ ते ११५ मिमी हवा, म्हणजे भांडं बहुधा लिटरच्या घरातलं होतं.

माप घेताना आतला व्यास मोजा. माहितीपत्रकात पुष्कळदा बाहेरचा किंवा वळवलेल्या काठाचा व्यास दिलेला असतो आणि दोन मिलिमीटरनेही घोळ होतो. कॅनिस्टर फार घट्ट बसत असेल तर तेही बरं नाही. भांडं आतून ओलं राहिलं तर कॅनिस्टर चिकटून बसतो आणि गार हातांनी निघता निघत नाही. कॅनिस्टरचा पत्रा लोखंडी असतो, त्यामुळे ओलाव्यात त्याच्या बुडाच्या कडेचा गंजाचा गोल वळ भांड्याच्या तळाशी उमटतो. पातळ फडकं मध्ये घातलं की गंज लागत नाही, चालताना खडखडाट होत नाही आणि भांडं पुसायलाही काहीतरी हाताशी राहतं.

आता ज्योत. कॅनिस्टरवर थेट बसणाऱ्या छोट्या बर्नरची ज्योत पूर्ण सोडली की ती बुडावर आपटून बाहेर पसरते. ८० मिमीच्या मगाखाली ती सहज काठाबाहेर निघते आणि बाजूंनी वर चढते. त्या उष्णतेतला थोडाच भाग पाण्यापर्यंत पोचतो, बाकीचा मूठ तापवण्यात आणि हवेत जातो. रुंद बुडाखालून गरम वायू जास्त वेळ सरकत राहतात आणि जास्त उष्णता देऊन बाहेर पडतात. ९५ मिमी व्यासाच्या बुडाचं क्षेत्रफळ सुमारे ७१ चौरस सेंमी असतं, १३० मिमीचं सुमारे १३३, म्हणजे जवळजवळ दुप्पट. अर्धा लिटर पाणी पहिल्यात सात सेंमी खोल उभं राहतं, दुसऱ्यात चारही सेंमी होत नाही. गॅसची बचत हवी असेल तर रुंद आणि बुटकं भांडं केव्हाही सरस.

मग ९५ मिमीचं भांडं सुचवायचं कशाला? कारण अरुंद भांड्याचा हा दोष ज्योत कमी करून बराच भरून काढता येतो. ज्योतीचं टोक बुडाच्या कडेच्या आत राहील इतकाच गॅस सोडा. अर्धा लिटर पाणी पूर्ण ज्योतीवर साधारण तीन-चार मिनिटांत उकळतं, मध्यम ज्योतीवर पाच-सहा मिनिटं लागतात, पण गॅस कमी जातो. आकडेच पाहायचे तर: अर्धा लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला १६७ किलोज्यूल उष्णता लागते. सगळी उष्णता पाण्यातच गेली असती तर साडेतीन ग्रॅम गॅस पुरला असता. प्रत्यक्षात झाकण, वाऱ्याला आडोसा आणि मध्यम ज्योत असताना सहा-सात ग्रॅम जातात. वाऱ्यात, झाकण नसताना आणि ज्योत पूर्ण सोडल्यावर हाच आकडा दहाच्या पुढे जातो. सात ग्रॅमच्या हिशोबाने ११० ग्रॅमच्या कॅनिस्टरवर अर्ध्या लिटरच्या पंधरा उकळ्या होतात. एकट्याच्या दोन-तीन दिवसांना हे भरपूर आहे. म्हणूनच छोट्या ट्रेकला एकटं असताना आटोपशीर आकारासाठी थोडी इंधनबचत सोडणं परवडतं. आठवडाभराचा ट्रेक असेल किंवा माणसं दोन असतील तर हा हिशोब उलटतो आणि १२० ते १४० मिमीचं बुटकं भांडं घ्यावं.

तिसरी गोष्ट तोल. कॅनिस्टरवर बर्नर आणि त्यावर उंच मग, अशी ही रचना मुळातच डळमळीत असते. भांड्याची उंची व्यासापेक्षा फार जास्त नसावी. ९५ मिमीला साडेदहा सेंमी ठीक, बारा-तेरा सेंमी नको. बुडाची कडा गोलसर असेल तर सपाट भाग व्यासापेक्षा सेंटिमीटरभर कमी भरतो. बर्नरचे पाय त्याच गोलसर भागाखाली आले तर भांडं घसरतं. उलट काही बर्नरच्या आणि स्पिरिट स्टोव्हच्या चौकटींचे पाय इतके फाकलेले असतात की ८० मिमीचा मग मधल्या मोकळ्या जागेत तिरका होतो. हे कागदावर कळत नाही. आपला बर्नर बरोबर नेऊन, भांडं त्यावर ठेवून, पाणी भरून आणि हलक्या हाताने ढकलून पाहावं. बुडावर एकाआत एक गोल खाचा कोरलेल्या असतील तर घसरण कमी होते. हा तपशील बारीक आहे, पण निवडताना त्याला वजन द्या.

गॅसशिवाय दुसरं इंधन असेल तर व्यासाचा निकष आणखी कडक होतो. स्पिरिटची ज्योत मऊ आणि पसरट असते, तिला गॅससारखी आवरता येत नाही. तिथे ११० मिमीपेक्षा अरुंद भांडं घेऊ नका. अर्ध्या लिटरला १५ ते २० मिली स्पिरिट लागतं, अरुंद मगाला त्याहून जास्त. घन इंधनाच्या वड्या वापरल्या तर बुडाला चिकट तपकिरी थर बसतो, म्हणून भांड्याला स्वतंत्र पिशवी हवीच. लाकडाच्या जाळावर मात्र उंच भांडं चालतं, कारण ज्वाळा सगळीकडून वेढतात. तिथे बादलीसारखी वरची कडी असलेलं भांडं घ्यावं, म्हणजे टांगताही येतं आणि काठीने उचलताही येतं.

झाकण ही ऐच्छिक वस्तू आहे असं समजून वजन वाचवायला ते घरी ठेवणारे बरेच असतात. हिशोब करून पाहा. २० मिली पाणी वाफ होऊन उडालं तर ते आपल्याबरोबर ४५ किलोज्यूल घेऊन जातं. अर्धा लिटर उकळायला लागणाऱ्या उष्णतेचा हा चौथा हिस्सा झाला. झाकणाचं वजन १५ ते २५ ग्रॅम असतं. तेही नको असेल तर जाड ॲल्युमिनियम फॉइलची दुहेरी घडी काठावर दाबून बसवा, चार-पाच ग्रॅममध्ये काम होतं.

झाकणात तीन गोष्टी पाहायच्या. एक, त्याला वाफेसाठी तीन-चार मिमीचं भोक हवं. भोक नसलं आणि झाकण घट्ट असलं तर उकळी येताच ते उडतं, नाहीतर काठावरून पाणी ज्योतीवर थुंकतं. दोन, काठाच्या आत बसणारी कडा पुरेशी खोल हवी, म्हणजे ओतताना झाकण निसटणार नाही. तीन, वरची पकड आडवी पडणारी असेल तर सामान भरताना अडत नाही, पण ती उभी राहायला हवी. आडवी पडलेली धातूची कडी उकळत्या भांड्यावर बोटांनी उचलता येत नाही. उभी राहणारी आणि सिलिकॉन चढवलेली कडी उत्तम. गाळण्याची भोकं असलेली झाकणं उपयोगी, पण ओतताना त्याच भोकांतून वाफ उसळते. बोटांची बाजू आणि भोकांची बाजू एक येऊ देऊ नका.

मुठीचा प्रकार कोणता यापेक्षा ती कुठे बसवली आहे ते जास्त महत्त्वाचं. बाजूला दुमडणाऱ्या दोन तारांची मूठ बहुतेक लहान भांड्यांना असते. ती काठाजवळ जोडलेली असेल तर गार राहते. तिचा खालचा जोड बुडापासून दोन-तीन सेंमीवरच असेल तर बाहेर निघालेली ज्योत थेट तिथेच लागते. सिलिकॉनचं आवरण उष्णता सोसतं, ज्योत सोसत नाही. ते करपतं, चिकट होतं आणि मग हाताला लागतं. वारा असेल तर तो ज्या बाजूने येतो त्या बाजूला मूठ ठेवा. ज्योत पलीकडे झुकते आणि मुठीची बाजू गार राहते. जोड रिव्हेटचा असो की स्पॉट वेल्डचा, दोन्ही टिकतात. रिव्हेटभोवती मळ साठतो, वेल्ड आतून गुळगुळीत राहतं. विकत घेताना मूठ उघडून भांडं काठोकाठ पाण्याने भरा आणि उचलून पाहा. तारा चेपून एकमेकींवर सरकत असतील तर गरम पाण्यासह ते भांडं हातात धरवणार नाही.

मूठच नसलेलं भांडं आणि सोबत सुटी पक्कड किंवा सांडशी ही जोडी एक लिटरच्या वरच्या भांड्यांना चांगली. पक्कड ३० ते ५० ग्रॅमची असते, ज्योतीपासून दूर राहते आणि दोन भांड्यांना एकच पुरते. ती काठाखाली सेंटिमीटरभर पकड घेते. पातळ टायटॅनियमच्या काठाला ती वाकवू शकते, म्हणून काठ वळवून जाड केलेला असावा. पण हीच पक्कड घरी विसरली तर उकळतं भांडं उतरवायला काही उरत नाही. एकट्याच्या लहान भांड्याला जोडलेली मूठच बरी.

आता धातू. टायटॅनियममधून उष्णता जवळपास स्टीलइतकीच हळू जाते आणि ॲल्युमिनियममधून त्यांच्या कितीतरी पट वेगाने, हे खरं आहे. यावरून टायटॅनियमच्या भांड्यात पाणी उशिरा उकळेल असा तर्क केला जातो, तो चुकतो. टायटॅनियमचा पत्रा ०.३ ते ०.४ मिमी जाडीचा असतो. अर्धा लिटर पाणी चार मिनिटांत उकळण्याइतकी उष्णता त्या बुडातून जाताना पत्र्याच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूत फक्त दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पातळ स्टीलमध्ये तीन-चार अंश, ॲल्युमिनियममध्ये एक अंशाहूनही कमी. बाहेर ज्योत हजार अंशांहून जास्त गरम आहे, तिथे या दोन-तीन अंशांनी काय होणार? खरा अडथळा गरम वायूतून धातूत उष्णता शिरताना असतो, आणि तो तिन्ही धातूंना सारखाच. म्हणून पाणी उकळायचा वेग धातूवर ठरत नाही, बुडाच्या रुंदीवर आणि आडोशावर ठरतो.

फरक पडतो तो घट्ट पदार्थ शिजवताना. तिथे पाण्यासारखं अभिसरण, म्हणजे तापलेला भाग वर आणि गार भाग खाली फिरत राहणं, नसतं. टायटॅनियम आणि पातळ स्टीलच्या बुडात ज्योतीच्या ठिकाणीच उष्णता साठते आणि पदार्थ तिथे लागतो. ॲल्युमिनियम उष्णता सगळ्या बुडावर पसरवतं. तुम्हाला फक्त पाणी उकळायचं आहे, त्यामुळे टायटॅनियमचा हा दोष तुम्हाला लागू होत नाही. एखाद्या सकाळी खीर किंवा घट्ट सूप करायचा मोह होणार असेल तर ॲल्युमिनियम घ्या.

वजनात ७५० मिलीचं टायटॅनियमचं भांडं झाकणासह साधारण १०० ते १२० ग्रॅम, कठीण ॲनोडाइझ केलेलं (पृष्ठभागावर ऑक्साइडचा टणक थर चढवलेलं) ॲल्युमिनियमचं १२० ते १५० ग्रॅम आणि स्टीलचं २०० ग्रॅमच्या पुढे जातं. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियममधला वीस-तीस ग्रॅमचा फरक हे टायटॅनियम घेण्याचं कारण होऊ नये. त्याचं खरं कारण वेगळं आहे. पातळ असूनही ते सहजासहजी चेपत नाही, कोरडं तापलं तरी वितळत नाही, जाळात घालता येतं, आणि त्याला कसला मुलामा नसतो जो खरवडला जाईल. तापून त्यावर निळे-जांभळे रंग चढतात. तो ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्याने काही बिघडत नाही. मगासारखं तोंडाला लावायचं असेल तरी टायटॅनियम बरं, कारण पाण्यावरचा काठ लवकर गार होतो. ॲल्युमिनियमचा काठ पाण्याइतकाच गरम राहतो आणि ओठ भाजतो.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. पाणी आटून गेलं आणि बर्नर चालू राहिला तर बूड फुगतं आणि भांडं पुन्हा सरळ बसत नाही. कठीण ॲनोडायझिंग तारेच्या काथ्याने आणि सोडा असलेल्या साबणाने निघून जातं. नॉनस्टिकचा थर पाणी उकळायला निरुपयोगीच. २६० अंशांच्या पुढे तो खराब होऊ लागतो, आणखी तापला तर त्यातून विषारी धूर निघतो. स्टील जड असलं तरी त्याच्यावर काहीही बेतत नाही. तुमच्याकडे घरात योग्य व्यासाचा एकेरी पत्र्याचा स्टीलचा मग असेल तर पहिले काही ट्रेक त्यावर करा आणि व्यास आपल्याला पटतो का ते पाहा. मग टायटॅनियमवर खर्च करा.

बुडाला उष्णता शोषणाऱ्या पट्ट्या असलेली भांडी मिळतात. ती खरोखर गॅस वाचवतात. अर्ध्या लिटरला सातऐवजी साधारण पाच ग्रॅम पुरतो आणि वाऱ्यात फरक आणखी दिसतो. पण असं भांडं शंभरेक ग्रॅम जड असतं. दिवसाला एक लिटर पाणी उकळलं तर रोज चार ग्रॅमची बचत होते, म्हणजे ते जादा वजन भरून निघायला पंचवीस दिवस लागतात. एकट्याच्या छोट्या ट्रेकला हा सौदा जमत नाही. तीन-चार जणांना किंवा बर्फ वितळवायला नक्की जमतो. हे भांडं निर्मात्याने सांगितलेल्या बर्नरवरच वापरा. बर्नर आणि पट्ट्या फार जवळ आल्या तर ज्योत पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तसाही कोणताच स्टोव्ह बंद तंबूत लावायचा नाही.

काही भांडी ज्योतीवर ठेवायचीच नाहीत, आणि हे जीवावर बेतण्यासारखं असल्याने ठसवून सांगतो. दुहेरी पत्र्याचा मग, मग तो टायटॅनियमचा असो की स्टीलचा, कधीही तापवू नका. दोन पत्र्यांमध्ये अडकलेली हवा तापून फुगते आणि मग फुटतो. थर्मासची बाटलीही तापवू नका. आतून रोगण किंवा प्लास्टिकचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या बाटल्या आणि पेयांचे डबे नकोत. जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही नको. एकेरी पत्र्याची, रंग न दिलेली स्टीलची बाटली चालते, पण बूच पूर्ण काढून. तिच्यात पाणी साठवता आणि उकळता दोन्ही येतं. मात्र अरुंद बुडामुळे गॅस जास्त जातो आणि तापलेली बाटली धरायला पक्कड लागते.

घडी होणारी भांडी, म्हणजे बूड ॲल्युमिनियमचं आणि बाजू सिलिकॉनच्या, सॅकमध्ये सगळ्यांत चपटी बसतात. पण ज्योत बुडाच्या कडेबाहेर एकदा जरी गेली तरी सिलिकॉन जळतं. वारा असेल तिथे ती जाणारच. लाकूड आणि स्पिरिटला तर ती चालतच नाहीत. शिवाय कॅनिस्टर आत ठेवायचा असेल तर घडी करून वाचवलेली जागा वाचतच नाही. मी ती सुचवत नाही. किटली रुंद बुडाची असल्याने गॅस कमी खाते आणि तोटीमुळे पाकिटात पाणी नेमकं पडतं. पण तिच्यातून खाता येत नाही आणि तोंड लहान असल्याने आतून नीट पुसता येत नाही. दोघं-तिघं फक्त पेय आणि पाकिटं यांवर राहणार असतील तर उत्तम.

उंचीवर जाणार असाल तर पाणी उकळण्याचा बिंदू दर ३०० मीटरला सुमारे एक अंशाने उतरतो. ३००० मीटरवर तो ९० अंशांच्या आसपास असतो. पिण्याचं पाणी निर्जंतुक करण्यासाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट आणि सुमारे २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळत ठेवावं. ही तीन मिनिटं झाकण ठेवून आणि ज्योत बारीक करून काढा. गढूळ पाणी आधी फडक्यातून गाळा. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. बर्फ वितळवायचा असेल तर ७५० मिलीचा मग कामाचा नाही. भुसभुशीत बर्फ भांडंभर घातला तरी हाती थोडंच पाणी येतं, आणि शून्य अंशाचा एक किलो बर्फ उकळीपर्यंत न्यायला २० अंशांच्या लिटरभर पाण्याच्या सव्वादोन पट उष्णता लागते. तिथे दीड-दोन लिटरचं रुंद भांडं घ्या आणि तळाशी आधी थोडं पाणी घालून मगच बर्फ टाकत जा, नाहीतर कोरडं बूड करपतं.

आडोशाबद्दल एक खबरदारी. कॅनिस्टरवर थेट बसणाऱ्या बर्नरभोवती पूर्ण गोल आडोसा कधी लावू नका, आणि त्यावर फार रुंद भांडंही ठेवू नका. दोन्हींमुळे उष्णता खाली कॅनिस्टरवर परतते. कॅनिस्टर हाताला गरम लागला तर लगेच बंद करा. वाऱ्याच्या बाजूने अर्धवर्तुळ पुरतं.

भांडं घरी आणलं की आधी दोनदा पाणी उकळून फेकून द्या, कारखान्यातलं तेल निघून जातं. नंतर वजनकाट्यावर चाचणी घ्या. रिकामं भांडं झाकणासह तोला. मग काठाखाली दीड सेंमीपर्यंत पाणी भरून पुन्हा तोला. वाढलेले ग्रॅम म्हणजेच मिली, आणि तीच तुमची खरी क्षमता. आतल्या खुणाही याच रीतीने पडताळून घ्या, त्या पुष्कळदा पंधरा-वीस मिलीने चुकलेल्या असतात. त्यानंतर कॅनिस्टर तोलून, अर्धा लिटर साधं पाणी झाकण ठेवून मध्यम ज्योतीवर उकळा, आणि कॅनिस्टर गार झाल्यावर पुन्हा तोला. ज्योत बुडाच्या आत राहते का, मुठीला हात लावता येतो का, झाकण थुंकतं का, हे त्याच वेळी पाहा. शेवटी तेच पाणी अरुंद तोंडाच्या बाटलीत ओतून बघा. काठ जाड गोल वळवलेला असेल तर हळू ओतताना पाणी भांड्याच्या अंगावरून ओघळतं. एका झटक्यात, थोड्या जोराने ओतलं की धार सुटी पडते. काठाला चोचीसारखा दाब असेल तर हा प्रश्नच येत नाही. घरी सात ग्रॅम गॅस गेला असेल तर डोंगरावरच्या थंड पाण्यासाठी आणि वाऱ्यासाठी नऊ-दहा धरा आणि त्यावर कॅनिस्टरचा हिशोब करा. तो ११० ग्रॅममध्ये बसत नसेल तर २३० ग्रॅमचा कॅनिस्टर न्यावा लागेल, आणि त्याच्या व्यासाने भांड्याची निवड पुन्हा एकदा तपासावी लागेल.